जनावर आडवं आलं नव्हतं

रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. मावसभाऊ गाडी चालवत होता, मी शेजारी बसले होते. रस्ता सरळ आणि दुपदरी, दोन्ही बाजूंना शेतं, दिवा कुठेच नाही. समोरून ट्रक येताना दिसला म्हणून भावाने हेडलाइटचा झोत खाली घेतला. ट्रक शेजारून निघून गेला. दिपलेले डोळे सावरतात न सावरतात तोच मला रस्त्यात चार काळे खांब दिसले. खरंच खांब वाटले. त्यांच्या वर जे काही होतं ते झोताच्या बाहेर, अंधारात होतं. ‘म्हैस’ हा शब्द मनात उमटायच्या आत आवाज झाला.

काचेला जाळं पडलं आणि ती वाटीसारखी आत दबली. आम्ही दोघांनी पट्टे लावले होते, म्हणून हे लिहायला मी आहे. भावाचं मनगट मोडलं, एवढ्यावर निभावलं. दार उघडून उतरले तेव्हा काचेच्या भेगांमध्ये राठ काळे केस अडकलेले दिसले. म्हैस साइडपट्टीवर पडली होती. तिचा श्वास भात्यासारखा चालू होता आणि तो थांबायला जवळपास अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात जे जे लोक थांबले, त्या प्रत्येकाला भाऊ एकच वाक्य सांगत होता, “आडवी आली हो एकदम.” मीही मान डोलावत होते. खोटं बोलतोय असं आम्हाला तेव्हा वाटलंही नाही.

पण ती आडवी आली नव्हती. ती तिथे उभी होती, आमच्या आधीपासून. आलो आम्ही होतो.

‘जनावर आडवं आलं’ हे आपल्या तोंडी इतकं बसलेलं वाक्य आहे की त्यातली लबाडी जाणवत नाही. वीज पडली, झाड कोसळलं, तसंच जनावर आलं. त्यात कोणाचा काही दोष नाही, कोणी काही करायला हवं होतं असंही नाही. चालक सुटतो, रस्ता बांधणारा सुटतो, जनावराचा मालक सुटतो, आणि ज्याच्या नावावर सगळं जातं त्याला बोलता येत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ग्रामीण रस्त्यांवरचे मोठ्या जनावरांचे अपघात आकस्मिक नसतात. ते कुठे, कोणत्या वेळी, कोणत्या महिन्यांत होणार हे बरंचसं आधी कळतं. जे आधी कळतं त्याला दैव म्हणायचा हक्क आपल्याला नाही.

मुळात जनावर रस्त्यावर येतं का, तेच पाहू. दिवसभर तापलेलं डांबर सूर्यास्तानंतर कितीतरी वेळ ऊब धरून ठेवतं. भरावावरचा रस्ता आजूबाजूच्या चिखलापेक्षा कोरडा असतो. कडेला साचलेल्या पाण्यामुळे तिथलं गवत रानातल्यापेक्षा जास्त दिवस हिरवं राहतं. बर्फाळ देशांत रस्त्यावर मीठ टाकतात. ते विरघळून कडेच्या डबक्यांत उतरतं आणि खारं पाणी चाटायला मूस हे महाकाय हरीण थेट रस्त्याच्या काठाशी येतं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात अशी डबकी बुजवून पाहण्याचे प्रयोग झाले, ते याचसाठी. म्हणजे ऊब, कोरडी जागा, हिरवा चारा आणि मीठ, हे सगळं आपणच रस्त्याच्या कडेला मांडून ठेवलेलं आहे. शिवाय पाणवठा एका बाजूला आणि चराई दुसऱ्या बाजूला, अशी पिढ्यान् पिढ्यांची वाट आपण मधोमध कापलेली असते. जनावराने ती वाट सोडावी अशी अपेक्षा करायची आणि त्याला दुसरी वाट द्यायची नाही, याला काय म्हणायचं?

वेळेचंही तसंच. हरणाच्या जातीचे बहुतेक प्राणी पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वात जास्त हिंडतात. नेमक्या त्याच वेळी माणसं कामावर जातात आणि घरी परततात. अमेरिकेतल्या हरणांच्या अपघातांचा एक मोठा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. सूर्यास्ताआधीच्या तासांपेक्षा सूर्यास्तानंतरच्या दोन तासांत हे अपघात 14 पट जास्त होतात, असं त्यात आढळलं. दुप्पट, तिप्पट नव्हे, 14 पट. त्याच देशाच्या महामार्ग प्रशासनाने 2008 मध्ये संसदेपुढे जो अहवाल ठेवला, त्यात वाहनं आणि मोठे प्राणी यांच्या टकरींचा वार्षिक अंदाज 10 ते 20 लाख आणि माणसांच्या मृत्यूंचा अंदाज सुमारे 200 दिलेला आहे. लाखांच्या घरातल्या घटनेला ‘एकदम आलं’ म्हणता येत नाही.

आता टक्कर प्रत्यक्षात कशी होते ते सांगते, कारण मोठं जनावर म्हणजे फक्त जास्त वजन अशी अनेकांची समजूत असते. वजन आहेच. पण खरा घात उंचीचा आहे. गाडीची सगळी सुरक्षितता समोरच्या तोंडावर रचलेली असते. बंपर, बंपरमागची तुळई, चुरगळत जाऊन धक्का पिऊन घेणारा बॉनेटचा भाग, धक्क्याचा जोर ओळखून उघडणारी एअरबॅग. समोरून गाडी आली किंवा भिंत आली तर हे सगळं कामाला येतं. म्हैस, घोडा, उंट किंवा मूस यांचं धड मात्र या सगळ्याच्या वर असतं. बंपर फक्त पाय उडवतो. पाय हलके असतात, त्यामुळे गाडीला जाणवावा तसा धक्काच बसत नाही आणि कित्येकदा एअरबॅग उघडतही नाही. पाय निघाले की चारपाचशे किलोचं धड बॉनेटवरून सरकत काचेवर आणि काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर येतं. ते खांब आणि छत हीच तिथली शेवटची भिंत. पूर्ण वाढ झालेल्या नर मूसचा खांदा जमिनीपासून सुमारे 2 मीटरवर असतो. म्हणजे लहान गाडीच्या छतापेक्षाही वर. उंटाचंही तेच. अरबस्तानातल्या डॉक्टरांनी उंटाच्या टकरीतल्या जखमांचं वर्णन केलं आहे, त्यात मानेच्या मणक्याच्या दुखापती ठळकपणे येतात. कारण छत डोक्यावर येऊन बसतं.

स्वीडनमध्ये हा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा की तिथल्या माग्नुस गेन्स या अभियंत्याने गाड्यांच्या चाचणीसाठी रबराच्या जाड चकत्या जोडून मूसचा पुतळाच तयार केला. 2022 मध्ये त्याला इग् नोबेल हा गमतीदार संशोधनासाठीचा पुरस्कार मिळाला आणि लोक हसले. दबलेल्या काचेमागे बसलेल्या मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. धडक पायांना बसते आणि मार डोक्याला लागतो, हे साधं सत्य तपासायला तसाच पुतळा लागतो. जगभरातल्या नेहमीच्या धडक-चाचण्यांमध्ये अशा उंच जनावराला जागा नाही. गाडीला मिळालेले पाच तारे पाहून आपण निर्धास्त होतो, पण त्या ताऱ्यांना म्हशीचा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

दुचाकीबद्दल फार लिहायची गरज नाही. तिथे काच नाही, खांब नाही, छत नाही. कुत्र्याएवढं जनावरही पुरतं.

उरतो वेग, आणि हा भाग प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून पाहावा. मी त्या अपघातानंतर मांडला. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. काहीतरी दिसणं, ते काय आहे हे कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं, यात दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबला तरी थांबायला आणखी सुमारे 35 मीटर. म्हणजे एकूण 68 मीटर. खाली घेतलेल्या झोतात काळ्या अंगाचं जनावर 40-50 मीटरच्या पलीकडे दिसणं कठीण, आणि समोरच्या दिव्यांनी डोळे दिपलेले असतील तर तेवढंही नाही. ताशी 60 ने चाललेली गाडी याच हिशेबाने 45 मीटरमध्ये उभी राहते. आणि 80 ने चाललेली? 45व्या मीटरवर ती अजून ताशी 65 च्या वेगात असते. एक गाडी जनावरासमोर येऊन थांबते. दुसरी, जेमतेम 20 किलोमीटरने जास्त वेगात असलेली, पहिलीच्या मूळ वेगापेक्षाही जोरात त्याला धडकते. हे आकडे मांडले तेव्हा माझा माझ्यावर विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मांडले. तेच आले.

भाऊ 80 च्या आसपास होता. त्या रस्त्यावर सगळेच असतात.

काही जण म्हणतात, जनावराचे डोळे चमकतात की, लांबूनच कळतं. कित्येक प्राण्यांच्या डोळ्यांत प्रकाश परत फेकणारा पडदा असतो हे खरं. पण जनावराने तुमच्याकडे बघितलं तरच तो चमकणार. चरणारं जनावर खाली बघतं, रस्ता ओलांडणारं पलीकडे बघतं. डुकरांच्या डोळ्यांत असा पडदाच नसतो. आणि उंच प्राण्याचे डोळे खालच्या झोताच्या वरच राहतात. आमच्या म्हशीचं तोंड दुसरीकडे होतं. मला दिसले ते फक्त पाय.

आणखी एक गोष्ट, जी जिवावर बेतते: स्टेअरिंग झटक्यात फिरवणं. अंगात भिनलेली प्रतिक्रिया ती, तिला दोष कसा द्यायचा? 1997 मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाने मूस चुकवण्याची चाचणी घेतली आणि त्यात मर्सिडीजची नवी ए-क्लास गाडी उलटली. कंपनीला गाड्या परत घ्याव्या लागल्या आणि तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्यात सरसकट बसवावी लागली. त्या धक्क्याने ती यंत्रणा लहान गाड्यांमध्येही आली, हे चांगलंच झालं. पण त्यामुळे जनावर चुकवता येतं असा जो समज पसरला तो घातक आहे. मोकळ्या चाचणी-मैदानावर शंकू उडतात; रस्त्याच्या कडेला झाड असतं, खड्डा असतो, समोरून येणारी बस असते. चुकवता चुकवता झाडावर गेलेली गाडी ‘जनावराच्या अपघातात’ मोजली जाईलच असंही नाही. मोठं जनावर दिसलं तर आपल्या लेनमध्येच राहून सरळ, जोरात ब्रेक दाबायचा. वळायला सुरक्षित जागा खरोखरच असेल तर ते ज्या बाजूने आलं त्या बाजूला, म्हणजे त्याच्या मागे वळायचं. आणि एक दिसलं की दुसरं मागे आहे असं धरून चालायचं. पिल्लं अनेकदा मागून येतात.

इथवर सगळं चालकावर ढकलल्यासारखं झालं. तसं माझं मत नाही. ताशी 80 ने जायला सुचवणारा रस्ता कोणीतरी आखलेला असतो. रुंद, गुळगुळीत, सरळ रस्ता पायाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगतो आणि कडेचा हरणाचं चित्र असलेला फलक हळू जायला सांगतो. जिंकतो कोण, हे आपण रोज बघतो. बारा महिने, चोवीस तास एकाच जागी उभा असलेला फलक डोळ्यांना दिसेनासा होतो. त्या वाटेने दोनशे वेळा गेलो आणि एकदाही जनावर दिसलं नाही, तर फलक खोटा वाटायला लागतो. तरीही जबाबदार यंत्रणा आधी फलकच लावतात, कारण तो स्वस्त असतो आणि ‘आम्ही सांगितलं होतं’ असं नंतर म्हणता येतं.

काय केलं म्हणजे फरक पडतो हे आता गुपित राहिलेलं नाही. कॅनडातल्या बान्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गाला दोन्ही बाजूंनी उंच कुंपण घातलं आणि प्राण्यांसाठी 6 पूल वरून व 38 मार्ग खालून दिले. वन्य प्राण्यांच्या टकरी 80 टक्क्यांहून जास्त घटल्या. फक्त हरणं आणि एल्क ही त्यांची मोठी जात धरली तर 96 टक्क्यांहून जास्त. ग्रिझली अस्वलांना ते पूल आपले वाटायला काही वर्षं लागली, पण वाटले. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये ट्रॅपर्स पॉइंटला हरणांची स्थलांतराची जुनी वाट महामार्ग ओलांडते. तिथे 2012 मध्ये 2 पूल आणि 6 भुयारी मार्ग झाले. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 खालून वाघ ये-जा करतात, हे कॅमेऱ्यांनी टिपलेलं आहे. वाघ जातो तिथून म्हैस जाणार नाही का?

यात एक मेख आहे आणि ती न सांगता नुसतं ‘कुंपण घाला’ म्हणणं अर्धवट होईल. तुकड्या-तुकड्यांचं कुंपण फसतं. उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसलं की 5 किलोमीटरपेक्षा लांब कुंपणाने टकरी 80 टक्क्यांच्या पुढे घटतात, त्याहून आखूड कुंपणाने सरासरी निम्म्याच्या आसपास, आणि तेही जागोजागी वेगळं. जनावर कुंपणाच्या कडेकडेने चालत टोकाला जातं आणि तिथून रस्त्यावर येतं. आत अडकलं तर बाहेर पडायला त्याला मातीचा उतार ठेवावा लागतो, नाहीतर कुंपण पिंजरा होतं. दुभाजकाच्या सलग सिमेंटच्या भिंतीने हेच होतं: अर्धा रस्ता ओलांडलेलं जनावर भिंतीशी थबकतं आणि गाड्यांमध्ये मागे फिरतं. काम करायचं तर वाट देऊनच अडवायचं. नुसतं अडवणं म्हणजे अपघात एका किलोमीटरवरून दुसऱ्या किलोमीटरवर नेणं.

रानाला स्वतःची शिस्त असते, हेही जाता जाता सांगायला हवं. विस्कॉन्सिन राज्यात ज्या तालुक्यांत लांडगे परतले तिथे हरणांच्या टकरी सुमारे 24 टक्क्यांनी कमी झाल्या, असा 2021 मधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. लांडगे चालायला सोप्या अशा मोकळ्या पट्ट्या धरून फिरतात, रस्त्याच्या कडेने जातात, म्हणून हरणं तिथून दूर राहतात. आपण शिकारी प्राणी संपवले, त्याची किंमत बॉनेटवर मोजतो आहोत.

खर्चाचा आक्षेप नेहमी येतो. पूल महाग असतात, मान्य. पण सगळीकडे पूल लागत नाहीत. रस्ता नव्याने बांधताना किंवा रुंद करताना मोरी दीड मीटर उंच करायची की अडीच, एवढाच निर्णय कित्येक ठिकाणी पुरतो. आणि वेग कमी केला तर वेळ जातो म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा: 40 किलोमीटरच्या अंधाऱ्या पट्ट्यात 80 ऐवजी 60 ने गेलं तर 10 मिनिटं जास्त लागतात. रात्रीसाठी वेगळी वेगमर्यादा ठेवावी, ती फक्त फलकावर न राहता कॅमेऱ्याने पाळून घ्यावी आणि ती अपघातांच्या नोंदींवरून ठरलेल्या पट्ट्यांतच असावी, म्हणजे लोकांना ती खरी वाटेल.

दुसरा आक्षेप मालकाचा. पाळीव जनावर रात्री मोकळं सोडलं तर जबाबदारी मालकाची नाही का? आहे. गोठ्यात बांधणं, गळ्यात किंवा शिंगांना चमकणारी पट्टी लावणं हे त्याचं काम आहे आणि ते अवघडही नाही. पण ज्याने जनावर सोडलं तो चुकला, म्हणून न दिसणाऱ्या अंधारात 80 ने घुसणारा बरोबर ठरत नाही. म्हशीच्या जागी हातगाडी ढकलणारा माणूस असता तर? तो तर स्वतःच स्वतःचा मालक.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. त्या बेटावर मूस मुळात नव्हतेच. 1904 मध्ये चार मूस तिथे नेऊन सोडले आणि त्यांचीच संख्या वाढत लाखाच्या घरात गेली. रस्त्यावरच्या टकरींत जखमी झालेल्यांनी आणि मेलेल्यांच्या घरच्यांनी 2011 मध्ये सरकारविरुद्ध सामूहिक दावा लावला. 2014 मध्ये तो फेटाळला गेला. कायद्याच्या चौकटीत तो निकाल बरोबर असेलही. पण ज्या बेटावर जनावर माणसाने आणलं, रस्ता माणसाने बांधला आणि कुंपण न घालण्याचा निर्णयही माणसाने घेतला, तिथेही शेवटी ‘आडवं आलं’ हेच शिल्लक राहावं, हे मला पटत नाही.

आमच्या अपघातानंतर विम्याचा अर्ज भरला. ‘अपघाताचं कारण’ या रकान्यात भावाच्या वतीने मी एक शब्द लिहिला: जनावर. कोणतं, किती वाजता, रस्त्याच्या कितव्या किलोमीटरवर, उभं होतं की चालत होतं, हे अर्ज विचारतच नव्हता. हे चार प्रश्न अपघाताच्या प्रत्येक नोंदीत असायलाच हवेत. कुठे कुंपण घालायचं, कुठे वेग उतरवायचा, हे दुसऱ्या कशाने कळणार?

महिन्याभराने दिवसाउजेडी त्या जागी गेले. काचेचे कण अजून साइडपट्टीच्या मुरमात चमकत होते. तिथून साठ-सत्तर पावलांवर रस्त्याखालून जाणारी चौकोनी मोरी आहे, माणसाच्या उंचीपेक्षा जास्त उंच, पण गाळाने आणि वाहून आलेल्या काटक्यांनी निम्म्याच्या वर बुजलेली. वाळलेल्या चिखलात खुरांचे ठसे मोरीच्या तोंडापर्यंत आलेले स्पष्ट दिसत होते. तिथे ते घोटाळले होते आणि मग भराव चढून डांबराकडे गेले होते. जुने, नवे, एकावर एक. तो गाळ उपसणं एका यंत्राचं एका दिवसाचं काम आहे.